मुखवट्यांसाठी व्हॅक्यूम फॉर्मिंग करायचं आहे, कोणती प्लास्टिक शीट घेऊ?

व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणजे तापवून मऊ केलेली प्लास्टिकची शीट खालून हवा ओढून साच्यावर घट्ट बसवणं. बालनाट्याच्या मुखवट्यांसाठी तुम्ही घरीच त्याची पेटी बनवून हवा ओढायला तिला व्हॅक्यूम क्लीनर जोडलात, पण २ मिमी पॉलिकार्बोनेटच्या शीटवर फोड आले आणि नाक-डोळे नीट उठले नाहीत, असं लिहिलंय. पेटी बदलू नका, शीट बदला.

पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा शोषून घेतं. तापवलं की त्या ओलाव्याची आतल्या आत वाफ होते आणि फोड येतात. मलाही सुरुवातीला वाटायचं की आच जास्त होतेय. हीटर लांब केला, वेळ कमी केला, फोड येतच राहिले. पावसाळ्याचे दिवस होते आणि शीट गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेली. त्याच शीटचे तुकडे १२० अंशांवर काही तास सुकवले, तेव्हा पहिला स्वच्छ नग निघाला. पण मुखवट्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

तुम्ही पांढरी हिप्स घ्या, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन. ती सहसा सुकवावी लागत नाही, दीडशे अंशांच्या आसपास छान मऊ होते आणि साच्यातले बारकावे उचलते. तापताना तिच्याकडे बघत राहा: आधी सुरकुत्या पडतील, मग ती ताणून सपाट होईल, मग मधोमध एकसारखी झोळ धरेल. झोळ आली की लगेच साच्यावर ओढा. रंग पाण्यातला अ‍ॅक्रिलिक वापरा, थिनरवाले रंग हिप्सला खातात.

जाडी ठरवताना बहुतेकांची फसगत होते, कारण दुकानातली जाडी तयार वस्तूत उरत नाही. २० सेंमी लांबी-रुंदीचा आणि १० सेंमी खोल चौकोनी डबा धरा. तोंडावरची ४०० चौ. सेंमी शीट ताणून तळ आणि चार भिंती मिळून १२०० चौ. सेंमी झाकते. म्हणजे दीड मिमीची सरासरी अर्धा मिमी उरते, आणि कोपऱ्यांत त्याहून कमी. मुखवट्यात नाकाचं टोक साच्याला आधी टेकून गार होतं, म्हणून ते जाड राहतं, पातळ होतात त्या खालच्या कडा. तरीही फार जाड शीट घेऊ नका. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ पंपाच्या मानाने बरीच कमी, २ मिमी त्याला जड जाते. १ ते दीड मिमी घ्या. साच्याच्या उभ्या बाजूंना तीन-चार अंश तरी उतार द्या, नाहीतर मुखवटा सुटणार नाही.

पुढे काही पारदर्शक करायचं झालं तर पेटजी, तीही न सुकवता चालते. एबीएस जास्त दणकट, पण तिला आधी ८० अंशांवर सुकवावं लागतं. पॉलिप्रॉपिलीन नवख्याने घेऊच नये, ती कडक असणं आणि पार लोळागोळा होणं यांच्यात तापमानाचे फारच थोडे अंश असतात. आणि कळकळीने सांगतो, पीव्हीसी घरात तापवू नका. सनबोर्ड म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच शीट पीव्हीसीच्याच असतात. जास्त तापली की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि घसा, डोळे, फुफ्फुसं जाळतो. तुमच्याकडे मुलं असणार, म्हणून दुकानदाराला प्लास्टिकचं नाव विचारल्याशिवाय कुठलाही तुकडा हीटरखाली ठेवू नका.

मोठी शीट कापण्याआधी ती कारखान्यात कुठल्या दिशेने ओढून निघाली ते विचारा आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने बाण काढा. त्या दिशेने शीट जास्त आकसते. सगळे तुकडे पेटीत एकाच दिशेने लावलेत तर मुखवटे एकसारखे निघतील.