वाचकांचे प्रश्न : पिकअपचे मागचे ब्रेक घरी बदलताना

प्रश्न : माझी पिकअप बारा वर्षे जुनी असून तिच्यातून मी कांदा आणि भाजीपाला वाशीच्या बाजारात नेतो. गाडी रिकामी असताना ब्रेक ठीक लागतात. मात्र भरलेली गाडी कसारा घाट उतरताना पॅडल खोल जाते, ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित उजवीकडे ओढते आणि हँडब्रेकही धरत नाही. मागच्या डाव्या टायरला आतून ओल दिसते. गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचे ब्रेक शू बदलायला सांगितले आहे. ट्रॅक्टरची किरकोळ कामे मी स्वतः करतो. हे काम घरी जमेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : पान्यांची सवय असेल आणि हाताशी सलग मोकळा दिवस असेल, तर हे काम अंगणात होण्यासारखे आहे. मात्र डाव्या चाकाची ओल हेच मूळ दुखणे असावे, आणि ती कशाची आहे हे ठरवल्याशिवाय नवे शू बसवले, तर तेही थोड्याच दिवसांत भिजून निकामी होतील. रिकामी पिकअप मुख्यतः पुढच्या ब्रेकवर थांबते. माल भरला की वजन मागच्या एक्सलवर येते आणि मागच्या ड्रमना (चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबे, ज्यांना ब्रेक शू आतून दाबून चाक थांबवतात) खरे काम पडते, म्हणून हा बिघाड आपल्याला घाटातच जाणवला. तो दूर होईपर्यंत या गाडीत माल भरू नये, ही आग्रहाची विनंती.

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घेऊन पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडावा, कारण तो ओढलेला असताना ड्रम निघणार नाही. जॅक फक्त उचलण्यापुरता वापरावा आणि एक्सलखाली लोखंडी घोड्या लावूनच कामाला हात घालावा. विटांच्या थरावर गाडी कधीही टेकवू नये. वीट भाराखाली कोणतीही सूचना न देता फुटते.

जुन्या ड्रमला आतून झिजेचा काठ आलेला असतो आणि तो शूंवर अडकतो, म्हणून आधी बॅकप्लेटमधील (शू ज्यावर बसतात त्या पत्र्यामधील) खिडकीतून शू आणि ड्रममधले अंतर कमी-जास्त करणारा अ‍ॅडजस्टर सैल करावा. तरीही ड्रम हलला नाही, तर बहुतेक ड्रमवर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेल्यास ड्रम सरळ बाहेर येतो. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासून ब्रेक लावणाऱ्या थरामध्ये) अ‍ॅसबेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ती ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने भिजवून पुसून घ्यावी.

आता ओलीकडे वळू. बोटाला लागलेला थेंब वाटीभर पाण्यात सोडावा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जाते. एक्सलमधील गिअर ऑइल वर तरंगते, हाताला चिकट लागते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल असेल, तर व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) टोकाचे रबरी टोपण अलगद उचलून पाहावे. आतून ओले असल्यास सिलिंडर गळतो आहे आणि तो बदललाच पाहिजे. एका बाजूचा गळू लागला असेल, तर त्याच वयाचा दुसऱ्या बाजूचाही बदलावा. गिअर ऑइल असेल, तर दोष एक्सलच्या सीलचा आहे. परंतु सील बदलण्यापूर्वी एक्सलच्या हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) तपासावा, कारण शेतातल्या चिखलाने तो बुजला की आत दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते. तेल मुरलेला लायनर धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवू नये. ब्रेक तापला की मुरलेले तेल वर येते.

शू बदलताना एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे स्प्रिंगांची जागा आणि हँडब्रेकच्या लिव्हरची दिशा पाहायला दुसरी बाजू जशीच्या तशी राहते. एकाच चाकातील पुढच्या आणि मागच्या शूच्या लायनरची लांबी वेगळी असेल, तर त्यांची अदलाबदल करू नये. स्प्रिंगा नव्याच घ्याव्यात. शू बॅकप्लेटवर जिथे घासतात, तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. लायनरला मात्र ग्रीसचे बोटही लागू देऊ नये.

सिलिंडर बदलला की ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणे आलेच, आणि घरी हे काम इथेच सर्वाधिक बिघडते. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. एक्सल लोंबकळत असेल, तर तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागचा दाब रोखतो आणि हवा पुरती निघत नाही; म्हणून हवा काढताना गाडीचे वजन एक्सलवर असावे. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबल्यावर दाब तयार करणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून करावी. पॅडल दाबणाऱ्याने ते तळापर्यंत नेऊ नये. जुन्या मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो आणि त्यावर सील फाटतात. पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवल्यास हा धोका टळतो. ब्रेक ऑइल डॉट ३ प्रतीचे की डॉट ४, हे त्याच्या टाकीच्या झाकणावर पाहून सीलबंद बाटलीतलेच घ्यावे, कारण उघडी बाटली हवेतील ओलावा शोषते आणि ऑइल कमी तापमानालाच उकळू लागते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ इतकी खाली येते. घाटात हा फरक जिवावर बेतू शकतो.

शेवटी शू हलकेच घासल्याचा आवाज येईपर्यंत अ‍ॅडजस्टर फिरवून चाक मोकळे फिरेल इतका मागे घ्यावा आणि त्यानंतरच हँडब्रेकची केबल ताणावी. केबल आधी ताणली तर अ‍ॅडजस्टरचे माप चुकते. रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागी कमी वेगात थांबवून पाहावी. पॅडल मऊ लागले किंवा गाडी ओढली, तर रस्त्यावर न आणता जाणकार मेकॅनिकला घरी बोलवावे.

प्रश्न : तयार शू महाग वाटतात. जुन्या शूंवर नवा लायनर रिव्हेट मारून घेतला तर चालेल का? ड्रमवरही चरे पडले आहेत.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शूची लोखंडी पट्टी सरळ असेल आणि काम करणारा कारागीर भरवशाचा असेल, तर चालेल, परंतु दोन्ही चाकांना एकाच प्रतीचा लायनर लावावा. पुढे झीज तपासताना रिव्हेटच्या डोक्यावर किती जाडी उरली तेच मोजावे, कारण डोके उघडे पडले की तेच ड्रम कोरते. आपले चरे बहुधा त्याचेच आहेत. ड्रम लेथवर साफ करून घेता येतो, मात्र त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो मोठा होता कामा नये. कोकणातल्या पावसाळ्यानंतर ड्रमच्या कडेला गंजाचे पापुद्रे धरतात. मोजमाप ते खरवडल्यावरच घ्यावे. कमाल व्यास ओलांडलेला किंवा बारीक तडे गेलेला ड्रम भंगारात द्यावा आणि नवा बसवावा.