पेटी येते. इंग्लंडमध्ये फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणाऱ्या मित्राबरोबर कॉन्सर्टिनावर इथल्या पारंपरिक नाचाच्या धुना वाजवायच्या आहेत. कुठली कॉन्सर्टिना घेऊ आणि सुरुवात कशी करू?

मीही मूळचा पेटीवालाच. ऑक्सफर्डला आल्यावर शेजारच्या फिडलवाल्यामुळे या नादाला लागलो. त्यामुळे तुमची पुढची सहा महिन्यांची चिडचिड मला आत्ताच दिसतेय.

कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरायचं छोटं वाद्य, मध्ये भाता आणि दोन्ही टोकांना बटणं. आधी नावाचा घोळ. ‘इंग्लिश’ कॉन्सर्टिना म्हणजे इंग्लंडचे संशोधक चार्ल्स व्हीटस्टन यांची, १८४४च्या पेटंटची. तिच्यात भाता दाबा नाहीतर ओढा, बटणाचा सूर तोच राहतो. ‘अँग्लो’ ही जर्मन वाद्यावरून आलेली. तिच्यात दाबताना एक सूर, ओढताना दुसरा. नाव इंग्लिशचं असलं तरी नाचासाठी तुम्ही अँग्लोच घ्या, असं माझं स्पष्ट मत.

पेटीवाल्याला अँग्लो उलटीच वाटते. उजव्या हाताखालची मधली ओळ बघा, ती पांढरी एकची, म्हणजे सी सूर सा धरलेली. पहिलं बटण दाबून सा. दुसरं ओढून रे, तेच दाबून ग. तिसरं ओढून म, दाबून प. इथवर सगळं शहाण्यासारखं चालतं. मग चौथं ओढून ध, आणि नी मात्र पाचव्यावर, तोही ओढूनच. वरच्या सांसाठी पुन्हा चौथ्यावर, दाबून. मी पहिला आठवडा या नीलाच अडखळत होतो.

पेटीवर आपण काय शिकतो? भाता असा हलवायचा की श्वास ऐकू येऊ नये. इथे ते विसरा. भाता उलटला की सूर तुटतो आणि त्या तुटण्यातूनच नाचाला उचल मिळते. मी सुरुवातीला दोन सुरांमधली फट बुजवायचा आटापिटा करायचो. मित्र म्हणाला, भजनाला बसल्यासारखा वाजवतोयस. (मीच त्याला एकदा भजनाला नेलं होतं, त्याची ही परतफेड.)

मग एके दिवशी त्याने माझ्या हातातलं वाद्य काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात मला मॉरिसची, म्हणजे इंग्लंडच्या एका पारंपरिक लोकनृत्याची, साधी उडी मारायला लावली, मोज्यांवर, आणि स्वतः फिडलवर माझ्याच वेगाने तीच धून वाजवली. माझा पाय जमिनीला लागायच्या आत पुढची मात्रा येऊन गेलेली! पंचाऐंशी किलोचा माणूस हवेतून खाली यायला जेवढा वेळ घेतो, तेवढा धुनेने द्यायला हवा. त्या दिवसानंतर माझा वेग आपोआप उतरला.

आमच्याकडे याचा मोठा दाखला म्हणजे विल्यम किम्बर. ऑक्सफर्डलगतच्या हेडिंग्टन क्वॉरीचा गवंडी, स्वतः नाचणारा आणि अँग्लो वाजवणारा. १८९९च्या नाताळात थंडीने बांधकामं बंद होती, म्हणून हंगाम नसताना ही मंडळी चार पैसे मिळवायला नाचत निघाली. २६ डिसेंबरला ती पुढे लोकसंगीताचे मोठे संग्राहक झालेल्या सेसिल शार्प यांच्या नजरेस पडली. दुसऱ्या दिवशी शार्प यांनी किम्बरला बोलावून धुना उतरवून घेतल्या. त्याची ध्वनिमुद्रणं आहेत, जरूर ऐका. डाव्या हाताचे सूर किती आखूड सोडतो ते लक्षात येईल.

दोघांनी वाजवताना दोघांनीही सतत चाल वाजवू नका. बहुतेक धुनांचे आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग असतात, प्रत्येक दोनदा. एकदा फिडलला चाल द्या, तुम्ही डाव्या हाताने नुसता ठेका धरा. मग उलट करा. जिग (सहा मात्रांची नाचाची धून) आली की मनात दादरा म्हणा, तीन-तीनचे दोन गट बसतात. पोल्काला (दोनाच्या ठेक्याच्या नाचाच्या धुनेला) केरवा चालतो, फक्त लग्गीच्या, म्हणजे तबल्यावरच्या जलद बोलांच्या, मोहात पडू नका. नोटेशन येत नसलं तर बिघडत नाही. कानाने उचलायची सवय आहे ना, तीच इथे कामाला येते. पहिली धून ‘विन्स्टर गॅलप’ घ्या, सोपी आहे आणि बहुतेकांना येते.

उजव्या अंगठ्याखाली हवेचं बटण असतं. ते सूर चालू असतानाच हळूच दाबायला शिका. नाहीतर ऐन धुनेत भाता पुरता उघडून दोन्ही हात फाकलेले, आणि पुढचा सूरही ओढायचाच! माझं हे एका पबमध्ये भर मैफिलीत झालंय. मित्र एकटाच पुढे वाजवत राहिला, माझ्याकडे न बघता.

खरेदी करताना तीस बटणांचीच घ्या, पांढरी एक आणि पांढरी पाचच्या ओळींची, म्हणजे सी-जी. वीस बटणांवर पांढरी दोनची शुद्ध नी, म्हणजे काळी एक, मिळत नाही, आणि फिडलवाल्यांना पांढरी दोन फार प्रिय. जुनी मिळाली तर दुकानातच एका बाजूचा पट्टा धरून, एकही बटण न दाबता दुसरी बाजू लोंबकळू द्या. भाता भराभर उघडला तर हवा गळतेय, तशी घेऊ नका.