विचारा तर खरं! : रिटायर झाल्यावर धर्मसेवा?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ६६, मिसेस ६३. दोघंही नोकरीतून मोकळे झालोय. आमच्या धार्मिक संस्थेचं म्हणणं आहे की दीड वर्ष बाहेरगावच्या केंद्रावर सेवेला या, राहण्याजेवणाचा खर्च आपला आपण करायचा. मिसेस एका पायावर तयार आहे. मी आयुष्यभर हिशोब तपासले, चारचौघांत धर्मावर दोन वाक्यं बोलायची तरी मला घाम फुटतो. या वयात जाऊन नेमकं मिळणार काय? पुण्याचं सांगू नका, ते घरबसल्याही मिळतं म्हणतात.

उत्तर : पुण्याचं खातं माझ्याकडे नाहीच, त्यामुळे निश्चिंत राहा 😊

आधी तो घाम पुसा. मिशन म्हटलं की दारोदार फिरून प्रवचन द्यायचं असं डोळ्यासमोर येतं, पण मोठ्या वयाच्या माणसांना हे काम फारसं कोणी देत नाही. मॉर्मन लोकांचंच बघा ना, म्हणजे अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. त्यांच्याकडे तरुण मुलं २ वर्षं आणि मुली १८ महिने मिशनवर जातात, पण रिटायर्ड जोडपीसुद्धा जातात, ६ महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत, तेही स्वखर्चाने. आणि ही जोडपी करतात काय, तर ऑफिस सांभाळतात, जुनी कागदपत्रं डिजिटल करतात, मदतकार्य बघतात, घरापासून लांब आलेल्या पोरांकडे लक्ष देतात. तरुणांइतकं कडक वेळापत्रकही त्यांना नसतं. तुमच्यासारखा हिशोबाचा माणूस कुठल्याही केंद्राला हवाच असतो हो!

आता मिळतं काय. मी आणि आमचे हे असेच एका केंद्रावर राहिलो होतो, तिथलं सांगते. हे मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, सहीशिवाय कागद हलायचा नाही असा थाट. तिथे यांना दिलं स्टोअरचं रजिस्टर, आणि वर साहेब कोण तर नातवाच्या वयाचा एक मुलगा. यांनी चुकलेला आकडा गिरवून दुरुस्त केला तर तो पोरगा अगदी अदबीने म्हणाला, "काका, गिरवायचं नाही, आडवी रेघ मारा, बाजूला बरोबर आकडा लिहा आणि छोटी सही करा." हे नियम यांनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेले! कान लाल झाले होते, मला वाटलं आता बॅग भरतात. पण दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, आणि हळूहळू मान मोकळी झाली असं म्हणू, कारण आपण कोणी मोठे नसण्याचं सुख यांना बहुतेक पहिल्यांदाच मिळत होतं. कोणी आपल्याला घाबरत नाही, कोणाचं प्रमोशन आपल्या हातात नाही, त्यामुळे जो बोलायला येतो तो निव्वळ बोलायलाच येतो.

आणि एक गंमत सांगू? इतकी वर्षं संसार केला पण मी यांना काम करताना कधी बघितलंच नव्हतं. सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी दमून परत यायचे, एवढंच मला माहीत. तिथे एकाच टेबलावर बसलो तेव्हा कळलं की हा माणूस अनोळखी लोकांशी किती धीराने बोलतो (घरी नाही हं!). भांडणंही भरपूर झाली, एका खोलीत राहायचं म्हटल्यावर होणारच.

तुमच्या न बोलण्याबद्दल तर मी म्हणेन की तेच भांडवल आहे. केंद्रावर येणाऱ्यांतले निम्मे लोक प्रश्न विचारायला येतच नाहीत, त्यांना सांगायचं असतं. फॉर्म भरायला आलेल्या एक बाई पत्त्याच्या रकान्यापाशी थांबल्या आणि मुलाने घर विकल्याचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मी काय केलं, तर पेन खाली ठेवलं, बस्स. तरुण सेवकांना अशा वेळी उत्तर द्यायची घाई होते, आपल्या वयाला ती नसते.

पण घरात वाद चाललेत म्हणून पळ काढायचा असेल तर जाऊ नका, खोली बदलते पण वाद बरोबर येतात. मिसेस तयार आहे म्हणून फरफटत जायचं असेल तरी नको, आधी महिनाभर राहून बघा. आणि निघायच्या आधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या : आजारी पडलो तर उपचाराची सोय काय, घरी अडचण आली तर मधेच परत येता येतं का, सुट्टी किती. सेवा आहे म्हणून हे विचारायचं नाही असं कोणी म्हणालं तर मला ते केंद्र संशयास्पद वाटेल, स्पष्टच सांगते.

प्रश्न : नातवंडं लहान आहेत, आपण लांब गेलो तर विसरतील ना?

उत्तर : नाही विसरत. उलट रोजचं "जेवलास का, अभ्यास केलास का" संपलं की तीच विचारतात, आजी आज काय केलंस. मुलांचं आपल्यावाचून अडत नाही हे कळतं, ते पहिले काही दिवस टोचतं, मग बरं वाटतं.

प्रश्न : मी ७१, एकटी, गुडघे कुरकुरतात. उशीर झाला का?

उत्तर : इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद १९६५ मध्ये मालवाहू जहाजातून अमेरिकेला निघाले तेव्हा ६८ वर्षांचे होते, आणि वाटेत हृदयविकाराचे झटकेही येऊन गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी संस्था काढली. तुम्ही जहाजात बसा असं मी म्हणत नाहीये 😄 पण दीड-दोन वर्षंच द्यायला हवीत असंही नाही. विपश्यनेचं, म्हणजे ध्यानाचं, १० दिवसांचं शिबिर आधी पूर्ण केलं असेल तर पुढच्या शिबिरात धम्मसेवा देता येते, म्हणजे ध्यानाला बसलेल्यांसाठी काम करता येतं. तिथे कामाच्या मधे रोज तासातासाच्या तीन सामूहिक बैठकी असतात, आणि शिबिराची फी घेत नाहीत, सगळं दानावर चालतं. बायका-पुरुषांची सोय वेगवेगळी असते, त्यामुळे एकट्या बाईला अवघडल्यासारखं होत नाही. तुमच्या स्वतःच्या पंथातही असं थोड्या दिवसांचं काही असेलच, चौकशी करा. फक्त फॉर्ममध्ये गुडघ्यांचं न लाजता लिहा आणि तळमजल्यावरची खोली मागून घ्या.