निपाणीहून कॅनडा: नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपविषयी विचारलंस त्याचं उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुला लगेच कळेल. तुझं लग्न ठरलंय तो मुलगा कॅनडात पीआर आहे (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे नागरिक नसला तरी तिथे कायम राहायची परवानगी असलेला), ओंटारिओ प्रांतात नोकरी करतो. तीन आठवड्यांच्या रजेवर येणार, निपाणीत लग्न होणार आणि तो परत जाणार. मग तो तुला स्पॉन्सर करणार, म्हणजे बायको म्हणून तुझी हमी घेऊन तुझ्या पीआरसाठी अर्ज करणार. त्यासाठी तुझे कागद कसे होतात, किती वेळ लागतो, एजंट धरावा का, आणि लग्न झाल्याझाल्या पासपोर्टवर नाव बदलावं का, हे तुला हवंय. मीही बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. माझाही अर्ज याच वाटेने झाला, आणि नंतर आपल्या भागातल्या बऱ्याच मुलींचे कागद मी वाचून दिले आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

नावापासूनच सुरू करते. सीमाभागातल्या मुलीचे कागद कसे असतात ते तुला माहीतच आहे. शाळा मराठी, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला कन्नडमध्ये. एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर इंग्रजी नाव आहे, पण ते कुणीतरी कन्नडवरून उतरवलेलं, म्हणून जाधवचं स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि आधारवर दुसरंच. त्यात जुन्या कागदांवर बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र प्रत्येक फरकापाशी थांबावं लागतं, कारण ही एकच मुलगी आहे की दोन, हे त्याला कागदावरूनच ठरवायचं असतं.

म्हणून आता, लग्नाच्या खरेदीच्या आधी, सगळे कागद एका टेबलावर मांड. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव एकेक ओळ जुळव. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि जन्मदाखल्यावर दुसरीच तारीख आहे, असं आपल्याकडे सर्रास असतं. दुरुस्त होण्यासारखं असेल ते दुरुस्त करून घे. जे होणार नाही त्यासाठी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र कर आणि अर्जात स्वतःच्या शब्दांत फरकाचं कारण लिही. फॉर्ममध्ये सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव आणि तसंच गाव घाल.

आणि लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव आत्ता बदलू नकोस. तांदळाच्या ताटात सासरचं नाव लिहितील, ते आनंदाने लिहू दे. सासूबाईंना नीट समजावून सांग की अर्जासाठी लग्नाचा दाखला पुरतो, माहेरचं नाव ठेवलं म्हणून कॅनडा सरकारला काहीही अडचण नाही. अर्ज चालू असताना पासपोर्ट बदलला की आधार, पॅन, बँक, पोलिस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) सगळं नव्याने जुळवत बसावं लागतं. बदलायचंच असेल तर पीआर हातात आल्यावर बदल.

मराठी-कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावरचे गोल शिक्केसुद्धा भाषांतरात यायला हवेत. शिक्का राहिला म्हणून कागद परत मागवलेले मी पाहिलेत. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. नवरा, भाऊ, काका, मामा, चुलत-मावस भावंडं कोणीही नको, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत सोबत जोडायची.

लग्नाची नोंदणी सब-रजिस्ट्रार ऑफिसात त्याच तीन आठवड्यांत उरकून घ्या. लग्नपत्रिका, फोटो, वयाचे पुरावे, साक्षीदार असं सगळं तयार ठेवलं तर होतं. सुट्ट्या कोणत्या आहेत ते आधी बघ. लग्न महाराष्ट्रात, चंदगड किंवा कोल्हापूरच्या मंगल कार्यालयात ठरलं तर नोंदणी कुठल्या राज्यात करायची हे दोन्हीकडे विचारून आधीच ठरवा. त्याला रजा मिळाली नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर विधी करून घ्यायची कल्पना कोणी काढली तर स्पष्ट नाही म्हण. ११ जून २०१५ पासून, दोघं प्रत्यक्ष हजर नसलेलं लग्न कॅनडा या कामासाठी मानत नाही.

आता मुलाला विचारायच्या गोष्टी. संकोच करू नकोस, लग्नाआधीच विचार. तो स्वतः पूर्वीच्या बायकोच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झाला असेल, तर पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं तो दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करू शकत नाही. पूर्वी कोणाला स्पॉन्सर केलं असेल आणि तेव्हा दिलेल्या आर्थिक हमीची तीन वर्षं सरली नसतील तरीही नाही. सरकारी मदतीवर जगत असेल तर नाही, अपंगत्वाची मदत तेवढी याला अपवाद. पगाराची किमान अट मात्र नवरा-बायकोच्या अर्जाला साधारणपणे नसते. इतके लाख पगार लागतो असं सांगणारे लोक आई-वडिलांच्या स्पॉन्सरशिपचे नियम तुला सांगत असतात. शिवाय तो नागरिक नाही, पीआर आहे, म्हणून अर्ज चालू असताना त्याचं राहणं कॅनडातच हवं. लग्नानंतर सहा महिने निपाणीत राहायचा बेत असेल तर तो सोडावा लागेल.

अर्जात त्याचा भाग आणि तुझा भाग एकत्रच, ऑनलाइन जातात. त्यातला आयएमएम ५५३२ हा फॉर्म सगळ्यात मन लावून भर. त्यात तुम्ही कसे भेटलात, कोणी ओळख करून दिली, घरच्यांना कधी कळलं, लग्नाला कोण आलं, हे विचारलेलं असतं. ठरवून केलेल्या लग्नाला कॅनडात काही मनाई नाही. पण एका भेटीत होकार, महिन्याभरात साखरपुडा आणि लग्नानंतर पंधरा दिवसांत नवरा परत, हे ज्याने आपली घरं पाहिली नाहीत त्याला विचित्र वाटू शकतं. कायद्यात कसोटी अशी आहे की लग्न खरं आहे का, आणि ते मुख्यतः पीआरसाठी तर केलेलं नाही ना. म्हणून गाळू नकोस. स्थळ कोणत्या आत्याने सुचवलं, पत्रिका जुळवली का, बघायचा कार्यक्रम कुठे झाला, आधी फोनवर किती बोललात, तुला तो का आवडला, सगळं साध्या वाक्यांत लिही. एजंटाने दुसऱ्या कोणाची हकीकत तुझ्या नावावर चिकटवली तर ती वाचताना कळते, आणि खोटी माहिती ठरली तर पाच वर्षं दार बंद होतं.

फोटो निवडताना फक्त स्टेजवरचे घेऊ नकोस. हळद, साखरपुडा, घरी पंगतीत बसलेली दोन्हीकडची माणसं असे घे, आणि प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी ते लिही. लग्नानंतर तो गेल्यावर जे रोजचं चालतं तेच पुरावा असतं: फोनची नोंद, त्याने पाठवलेले पैसे, त्याच्या विम्यात किंवा नोकरीच्या कागदात तुझं नाव, तुझं सासरी जाणं-येणं. त्यासाठी वेगळं काही रचायला नको, फक्त जपून ठेव.

पैशांचं सांगते. ३० एप्रिल २०२४ ला लागू झालेल्या दराने स्पॉन्सरशिपचे ८५, अर्जाचे ५४५ आणि पीआरच्या हक्काचे ५७५ मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर, वर बोटांचे ठसे नि फोटो म्हणजे बायोमेट्रिकचे ८५. दर दोन वर्षांनी हे वाढतं, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावर बघ. अर्ज नाकारला तर ते ५७५ परत मिळतात. बायोमेट्रिकसाठी बेळगावातून पुणे किंवा बंगळूर. निपाणीहून पुणंच जवळ. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढायचं. आणखी कुठल्या देशात सलग सहा महिने राहिली असशील तर तिथलंही लागतं. मेडिकल त्यांनी सांगितल्यावर, त्यांच्याच यादीतल्या डॉक्टरकडे. घरचा डॉक्टर चालत नाही.

वेळ वर्षभर धर. कधी लवकर होतं, कधी जास्त लागतं, आणि क्युबेकमध्ये राहणाऱ्यांचं गणित वेगळंच आहे. त्या वर्षात घरात नुसती बसू नकोस, हे मी कळकळीने सांगते. तुझी बी.कॉम. राणी चन्नम्मा विद्यापीठाची आहे ना? ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत तपशील) विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटात आत्ताच काढून ठेव. नंतर कॅनडातून भावाला खेपा घालायला लावणं फार अवघड जातं.

एजंटाबद्दल माझं मत सरळ आहे. तुमचं दोघांचंही पहिलं लग्न आहे, पूर्वी व्हिसा नाकारलेला नाही, तर हा अर्ज तुम्ही दोघं मिळून भरू शकता. गुंतागुंत असेल तर कॅनडातला वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंट कॉलेजकडे (हे शिकायचं कॉलेज नव्हे, सल्लागारांची नोंद ठेवणारी संस्था) नोंद असलेला सल्लागार धरा आणि त्याची नोंद आधी ऑनलाइन तपासा. पीआरची गॅरंटी देणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस. ती गॅरंटी कोणाच्याच हातात नसते.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या आईने विचारली असती. "दोन वर्षं नवऱ्याजवळ राहिली नाहीस तर पीआर जाईल" असं अजून आपल्याकडे सांगतात. तशी अट काही वर्षं होती. एप्रिल २०१७ मध्ये ती काढून टाकली. पीआर मिळेपर्यंत नवरा अर्ज मागे घेऊ शकतो, हे खरं. पण खरं लग्न करून तू पीआर झालीस की ते तुझं स्वतःचं असतं, नवऱ्याच्या रागावर अवलंबून नसतं. त्याने दिलेली तीन वर्षांची आर्थिक हमीसुद्धा घटस्फोट झाला तरी सुटत नाही. देव करो नि याची गरज न पडो. तरी पासपोर्ट तुझ्याच पर्समध्ये, बँकेचं एक खातं तुझ्याच नावाने, आणि कॅनडातल्या तातडीच्या मदतीचा ९११ हा नंबर पाठ.

आता जन्मदाखला, मार्क्स कार्ड, आधार आणि पासपोर्टचं पहिलं पान, एवढ्या चार गोष्टी मला पाठव. आधार नंबर आणि पासपोर्ट नंबर झाकून पाठव. कुठे काय जुळत नाही ते बघून सांगते, म्हणजे तो यायच्या आत तुला बेळगावला जाऊन ते करून घेता येईल.