क्रोटनची फांदी कापून लावली की कुजते. गुटी कलम (फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडणं) कसं बांधायचं?

जून-जुलैत बांधा, हवेतली ओल निम्मं काम करते. पानांचा रंग पक्का झालेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. शेंड्यापासून वीतभर खाली इंचभर रुंदीची साल गोलाकार काढा आणि आतला बुळबुळीत थर चाकूने नीट खरवडा. इथेच बहुतेकांचं चुकतं: तो थर राहिला तर साल पुन्हा जुळते, मुळं फुटतच नाहीत. चीक हाताला लागू देऊ नका, खाज येते. भिजवून घट्ट पिळलेलं मूठभर स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) सोललेल्या जागेभोवती लावा, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं आवळा. पाच-सहा आठवड्यांत भरपूर मुळं दिसली की मॉसच्या गुंडाळीच्या खालून फांदी कापा, प्लास्टिक काढा, कुंडीत लावून पंधरा दिवस सावलीत ठेवा. माझे पिळदार पानांचे सगळे क्रोटन असेच वाढलेत; बियांपासून तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो.