पायाने अपंग असलेल्या माणसाला नोकरी मिळताना नेमकं काय आड येतं?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. आहे, टॅली येतं, एका पायाला पोलिओ, ५०% अपंगत्वाचं सर्टिफिकेट, आणि इंटरव्ह्यू चांगला होऊनही पुढे फोन येत नाही. मी स्वतः पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावतो, अकाउंट्समध्ये काम करतो, त्यामुळे अनुभवावरून सांगतो, कामात तुम्ही कमी पडताय असं बहुतेक नसणार. समोरच्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, हा रोज येणार कसा? काही जण तोंडावर विचारतात, बाकीचे "कळवतो" म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न अगदीच फालतू नाही. एसटीच्या पायऱ्या एवढ्या उंच की कुबड्या घेऊन चढताना मागचे ओरडायला लागतात, मुंबईत लोकलला दिव्यांगांचा वेगळा डबा आहे पण गर्दीच्या वेळी त्यात धडधाकट लोकच जास्त. म्हणून माझं मत असं की आधी येण्याजाण्याचं बघा, मग नोकरी शोधा. साइड व्हील लावलेली स्कूटर घेतली (आरटीओत आरसीवर तशी नोंद आणि त्या प्रकारचं लायसन्स लागतं, ते टाळू नका, इन्शुरन्सच्या वेळी अडकाल) की इंटरव्ह्यूत "माझी गाडी आहे, वेळेवर येतो" एवढं एक वाक्य पुरतं, माझ्या बाबतीत तरी त्याने डिग्रीपेक्षा जास्त काम केलं.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही ती म्हणजे टॉयलेट. लिफ्ट आहे का ते सगळे विचारतात, टॉयलेटचं कोणी नाही. मी आधी जिथे होतो तिथे ऑफिस पहिल्या मजल्यावर, बाथरूम खाली जिन्याजवळ आणि तेही इंडियन, म्हणजे दिवसभर पाणी कमी प्यायचं. पगार बरा होता तरी सोडली. त्यामुळे इंटरव्ह्यूला जायच्या आधीच एचआरला फोन करून दोन्ही विचारून घ्या, लाजू नका. बायकांचं तर यात अजून अवघड होतं, घरचेच म्हणतात कशाला जातेस.

सरकारी नोकरीचं गणित वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं, पण आपल्या, म्हणजे हातापायाने अपंग असलेल्यांच्या, वाट्याला त्यातला १ टक्का, आणि त्यात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, बुटकेपणा, अ‍ॅसिड हल्ला, बरा झालेला कुष्ठरोग हे सगळे एकत्र. शिवाय जाहिरातीत पदासमोर ओएल, बीएल असे कोड असतात (एक पाय, दोन्ही पाय) आणि एस, एसटी, डब्ल्यू म्हणजे बसणं, उभं राहणं, चालणं. फॉर्म भरायच्या आधी हे वाचाच, नाहीतर परीक्षा पास होऊन मेडिकलला बाहेर. मणक्याचा त्रास असलेल्या इरा सिंघल यांना यूपीएससी पास झाल्यावरही ढकलणं, ओढणं, उचलणं जमणार नाही म्हणून पोस्टिंग नाकारलं होतं, त्या कॅटमध्ये (सरकारी नोकरीचे वाद ऐकणारं केंद्रीय न्यायाधिकरण) लढल्या, जिंकल्या आणि २०१४ च्या परीक्षेत देशात पहिल्या आल्या. पण प्रत्येकाने कोर्टात जावं अशी अपेक्षा ठेवणंच चुकीचं आहे ना.

प्रायव्हेटला कोटा नाही. पण समान संधी धोरण प्रत्येक कंपनीला जाहीर करावं लागतं, ते कंपनीच्या वेबसाइटवर शोधा, २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठी कुठली पदं योग्य तेही लिहायचं असतं. मोठ्या कंपन्यांमध्ये सापडतं, छोट्या फर्मला असं काही असतं हेच माहीत नसतं.

वर्क फ्रॉम होमबद्दल विचारलंय तर सुरुवातीलाच घेऊ नका असं मी म्हणेन. पगार कमी लावतात ("तुमचा प्रवास वाचतोय ना") आणि ऑफिसात तोंड दिसत नाही म्हणून बढतीच्या वेळी नावही आठवत नाही. निदान आठवड्यातून काही दिवस जाता येईल असं बघा.

आणि तुमचं ते सर्टिफिकेट जुनं कागदी असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) आत्ताच अर्ज करा, भरतीची जाहिरात आल्यावर सिव्हिल हॉस्पिटलला पळापळ करण्यात अर्थ नाही.