बत्तीस स्क्रीन आणि एक पट्टी : प्रोटोटाइपबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणणाऱ्या शेतकऱ्यांना सौद्याचा दर आणि पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती) मोबाइलवर दिसावी, असं ॲप आम्ही तिघे करतोय. कागदावरच्या स्क्रीन दाखवल्या, सगळे ‘छान आहे’ म्हणाले. आता फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हाय-फिडेलिटी प्रोटोटाइप, म्हणजे खऱ्या ॲपसारखा दिसणारा आणि दाबून बघता येणारा नमुना, करायचा आहे. स्क्रीन ३२ आहेत. सगळ्या करायच्या का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्या नकोत. कागदावरचं चित्र बघून माणूस फार तर ‘छान’ म्हणणार, त्याला तिथं वापरायला काही मिळतच नाही. आधी एकच प्रश्न पक्का करा. उदाहरणार्थ, शेतकऱ्याला आपली पट्टी कुणाला न विचारता सापडते का, आणि पैसे का कापले ते कळतं का? त्या वाटेवर दर, माझे लॉट, लॉटचा तपशील, पट्टी आणि वजावट अशा पाच स्क्रीन येतात. सहावी रेंज गेल्यावरची आणि सातवी ‘पट्टी अजून झालेली नाही’ची. या दोन बहुतेकजण विसरतात, आणि यार्डात नेमक्या याच आधी दिसतात. बाकीची बटणं दाबल्यावर ‘हे अजून तयार नाही’ एवढं आलं तरी पुरे.

रंग-सावल्यांपेक्षा जास्त वेळ आकड्यांवर घालवा. पट्टीवर १४ पोती, वजन ७.१२ क्विंटल, दर १४,५०० असं लिहिलं, तर ढोबळ रक्कम १,०३,२४० यायलाच हवी. हमाली-तोलाई मिळून ८६२ धरले तर हातात १,०२,३७८. (आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशोब चोख हवा.) शेतकरी पट्टी बघताना पहिलं काम करतो ते मनातल्या मनात गुणाकार. बेरीज चुकली की तो बटणांकडे बघत नाही, ‘हे चुकलंय’ म्हणून तिथंच थांबतो आणि तुमची चाचणी हिशोबाच्या वादात जाते. एका स्क्रीनवर ७.१२ आणि पुढच्यावर ७.२१, ही चूक कॉपी-पेस्ट करताना हमखास होते. स्वल्पविरामही १,०३,२४० असाच. सॉफ्टवेअरच्या सवयीनं १०३,२४० ठेवू नका.

फ्रेम, म्हणजे एका स्क्रीनची चौकट, ३६० बाय ८०० पिक्सेल घ्या. बोटानं दाबायची जागा निदान ४८ बाय ४८ ठेवा. पट्टी उघडताना ‘आफ्टर डिले’ (ठरावीक वेळानं आपोआप पुढची स्क्रीन आणणारी सोय) लावून दीड-दोन सेकंदांचा लोडिंग स्क्रीन टाका. खऱ्या ॲपला वेळ लागणारच आहे, आणि त्या दोन सेकंदांत माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो का, हे तुम्हाला बघायचं आहे. स्मार्ट ॲनिमेटमध्ये (एका फ्रेममधली वस्तू पुढच्या फ्रेममध्ये सरकत नेणारी फिग्माची सोय) वस्तू सरकायच्याऐवजी नुसती विरघळत असेल, तर दोन्ही फ्रेममधली लेयरची, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक घटकाची, नावं तपासा. नाव किंवा लेयरची रचना जुळत नसेल तर फिग्माला ती वस्तू एकच आहे हे कळत नाही.

चाचणीआधी हॉटस्पॉट हिंट, म्हणजे दाबायच्या जागा दाखवणाऱ्या खुणा, बंद करा. त्या चालू असल्या की माणसानं चुकीच्या जागी बोट ठेवलं तरी बरोबर जागा निळी चमकते. म्हणजे परीक्षेत उत्तर फळ्यावर लिहून ठेवल्यासारखंच! प्रोटोटाइप घरूनच फोनवर पूर्ण लोड करून न्या, आणि फोन लॅपटॉपशेजारी नाही तर यार्डातल्या उन्हात धरून बघा. करड्यावर करडी अक्षरं तिथं गायब होतात. मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ च्या खाली नको.

शोधपट्टीत गावाचं नाव खरोखर टाइप करून घ्यायचं असेल, तर फिग्माचा साधा प्रोटोटाइप अपुरा पडतो. तेवढा भाग ॲक्शूर किंवा प्रोटोपाय या प्रोटोटाइपच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करा.

प्रश्न : इंग्रजीत नीट दिसणारी डिझाइन मराठी मजकूर टाकला की बिघडते. वेलांट्या कापल्या जातात, बटणं फुटतात.
– एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : इंग्रजी अक्षरांना पुरणारी ओळीची उंची देवनागरीला पुरत नाही, वर रफार-वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरं. १६ च्या अक्षराला ओळ २४ ठेवा. मजकुराच्या चौकटीची उंची ठरवून टाकू नका, ऑटो लेआउटनं (मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लहान-मोठी करणारी फिग्माची सोय) वाढू द्या. तपासायला ‘दर’ नको, ‘हमाली व तोलाई वजा जाता’ घ्या. ‘र्की’, ‘ष्ट्रू’ अशी अक्षरंही एकदा टाकून बघा. फाँट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ चालेल, पण प्रोटोटाइपात जो तोच ॲपमध्ये, नाहीतर सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतील. मराठी आणि इंग्रजी अंक एकाच पट्टीवर मिसळू नका.

प्रश्न : किती लोकांवर चाचणी घ्यावी?
– एक वाचक, कराड

उत्तर : एकाच प्रकारचे वापरणारे असतील तर एका फेरीला ५. शेतकरी आणि अडत दुकानातले दिवाणजी (हिशोब लिहिणारे) दोघंही वापरणार असतील, तर दोन्हींतले ३-४. दिवाणजी पट्टी रोज लिहितो, त्याला सगळं कळतं. त्याच्या उत्तरावरून शेतकऱ्याचा निकाल लावू नका. फेरी झाली की दुरुस्त करून पुन्हा नव्या माणसांकडे जा. त्याच माणसांना वाट पाठ झालेली असते.